बुधवारच्या वहीतली बरोबरची खूण

सुलू, तुला माती देऊन आज अकरा दिवस झाले. आपल्यात दहावं-तेरावं नसतं, त्यामुळे माणसं लवकर पांगतात. जाता जाता सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. कायम हसतमुख, कधी रडगाणं नाही, केवढा विश्वास त्या बाईचा! मी मान हलवत होते, चहाचे कप गोळा करत होते आणि मनात म्हणत होते, सुलू, तू मला फसवलंस. मला, तुझ्या सख्ख्या बहिणीला. असलं काही मनात साचलं की आजवर मी तुलाच फोन लावायचे. आता तक्रार तुझीच आहे, तर ती कोणाकडे करू? तूच ऐक.

आपली बुधवारची वही समोर घेऊन बसले आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल कण्याची. दर बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, गीतं होतात, वचन होतं, मग पाळकसाहेब चष्मा काढून विचारतात, "कोणाच्या काही विनंत्या?" आणि दाराशी बसलेल्यापासून एकेक जण सांगत जातो. नातवाची अ‍ॅडमिशन, कोणाची बदली, कोणाची साखर. माझं अक्षर अण्णांनी घोटून घेतलेलं, म्हणून वही माझ्याकडे. तारीख, नाव, विनंती. काम झालं की तो माणूस उभा राहून साक्ष देतो, प्रभूने माझं असं असं केलं म्हणून सांगतो, आणि मी हिरव्या पेनाने त्या ओळीपुढे बरोबरची खूण करते. खूण झाली की त्या नावासाठी मागणं थांबतं. आभार मानायचे आणि पुढच्या नावाकडे वळायचं, हीच आपली रीत.

तुझी ओळ आहे दीड वर्षापूर्वीची. "सुलभा. उजव्या स्तनात गाठ. तपासणी." तू मला कानात सांगितलं होतंस आणि मी नुसतं "गाठ" लिहायला निघाले होते. तूच म्हणालीस, "नीट लिही ताई, लाजायचं काय." तेव्हा मला तुझा किती अभिमान वाटला होता! पुढचे सात बुधवार आम्ही तुझं नाव घेतलं. साळवेकाकूंनी तर ब्याऐंशीच्या वयात, गोळ्या चालू असताना, दर शुक्रवारी उपास धरला. मी ओरडले तर म्हणाल्या, "माझ्या पोटाचं मी बघीन, तू वही बघ."

मग ईस्टरनंतरच्या रविवारी तू चर्चमध्ये, उपासनेत उभी राहिलीस. मोरपंखी साडी होती. माइक धरलास आणि म्हणालीस, "मी बरी झाले आहे. मी पूर्ण निरोगी आहे. त्यासाठी मी आभारी आहे." सगळं देऊळ हालेलुया म्हणालं. मी रडले. बाहेर पेढे वाटताना तुला विचारलं, "रिपोर्ट काय म्हणतो गं नक्की?" तू माझ्या तोंडात पेढा कोंबलास. "सगळं क्लिअर आहे, ताई. आता तो विषय नको."

त्या बुधवारी मी खूण केली. इतकी दाबून केली की मागच्या पानावर उठली आहे. आत्ता बोट फिरवलं तर लागते. त्यानंतर सुलू, तुझ्यासाठी कोणी काही मागितलं नाही. साळवेकाकू शुक्रवारी जेवायला लागल्या.

दीड वर्षाने पावणे एमआयडीसीतल्या तुझ्या ऑफिसात तू खुर्चीतून खाली कोसळलीस, तेव्हा मला हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मुलीच्या वयाच्या एका डॉक्टरने विचारलं, "इतके दिवस कुठे होतात तुम्ही लोक? पहिला रिपोर्ट तर दीड वर्षापूर्वीचा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय." मी तिला म्हणाले, "नाही हो, तो क्लिअर होता." तिने फाइल माझ्यापुढे धरली. मला इंग्रजी वाचता येतं. वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

म्हणजे तू मोरपंखी साडी नेसून उभी राहिलीस तेव्हा तो कागद तुझ्या कपाटात होता.

हे सगळं सुरू कुठून झालं, ते मला ठाऊक आहे. पावण्याच्या त्या पॅकेजिंग कंपनीत तुमच्या साहेबाने एक मोटिव्हेशनचा कार्यक्रम ठेवला. एक कोच मॅडम आल्या. लॉ ऑफ अट्रॅक्शन. जे मनात धराल ते तुमच्याकडे चालत येतं, जे तोंडाने बोलाल ते होतं, म्हणून वाईट बोलायचंच नाही आणि हवं ते झालंय असंच बोलायचं. तू घरी येऊन मला फोनवर पाऊण तास ते सांगितलंस. तुझा आवाज विल्यम जाऊन तू विधवा झाल्यापासून पहिल्यांदा असा ताजा लागत होता, म्हणून मी गप्प राहिले. पुढे करंजाडे गावातल्या तुझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चर्चच्या कॅलेंडरशेजारी एक बोर्ड लागला. त्यावर पामबीच रोडवरच्या टॉवरचं चित्र, लेकीसाठी, रिबेकासाठी पदवीचा काळा झगा आणि मधोमध तुझाच जुना फोटो, लांब केसांचा. विल्यमचा फोटो मात्र भिंतीवरून गेला. विचारलं तर म्हणालीस, "दुःखाने व्हायब्रेशन लो होतं." तो फोटो मला परवा सापडला, तुझ्या कपाटात, साड्यांच्या खाली. रिपोर्टची पिशवी त्याच्यावरच होती.

तुला दोन वर्षांपूर्वीचा नाताळ आठवतो? माझ्या खारघरच्या किचनमध्ये आपण करंज्या करत होतो. मी लाटत होते, तू सारण भरून कातणं फिरवत होतीस, रिबेका तळत होती.

तू म्हणालीस, "ताई, विश्वासाने माग, मिळालंच असं समज, हे आपल्यातही सांगतात ना? ते युनिव्हर्स म्हणतात, आपण देव म्हणतो. फरक काय?"

मी म्हटलं, "तुझ्या युनिव्हर्सला नाही म्हणता येतं का?"

"म्हणजे?"

"आपल्या देवाला नाही म्हणता येतं. तो कोणी तरी आहे, सुलू. जेवण मागवायचं अ‍ॅप नाही."

तू हातातली करंजी खाली ठेवलीस. "हो. त्याला नाही म्हणता येतं, ते मी बघितलंय. विल्यमसाठी तुझ्या वहीची चार पानं भरली होती."

मला काय बोलावं सुचलं नाही. आणि सुचलं नाही की माणसाने गप्प बसावं, एवढंही मला आजवर जमलेलं नाही. मी म्हणाले, "त्याची इच्छा." अशा वेळी सगळे म्हणतात तेच, तसंच.

"मग मला त्याच्या इच्छेवर आता काही सोडायचं नाही," तू म्हणालीस.

त्यावर मी थट्टा केली. "बरं, मग सांग तुझ्या व्हायब्रेशनला, उरलेल्या करंज्या तळून दे म्हणावं." रिबेका हसली, तूही हसलीस. आणि त्यानंतर माझ्यासमोर तू तो विषय कधीच काढला नाहीस. वाद मी जिंकले असं मला वाटलं होतं. आता कळतं, त्या दिवशी तू मला तुझ्या आयुष्यातून एका खोलीबाहेर काढलंस आणि दार लावून घेतलंस. त्यातला माझा वाटा मला कबूल आहे. पण म्हणून साक्षीत खोटं? अण्णांनी आपल्याला एकच गोष्ट पट्टीने मारून शिकवली होती. साक्ष द्यायची ती घडलेल्याची, हवं असलेल्याची नाही. जालन्याकडच्या त्या खेड्यात प्रचारकाचं काम करताना कोणी वाढवून सांगायला लागलं की अण्णा त्याला मध्येच खाली बसवायचे. त्यांच्या लाडक्या मुलीने भरल्या देवळात हवं असलेलं सांगितलं, आणि थोरल्या मुलीने त्यावर हिरवी खूण केली.

मला तुझ्यावर चिडायचं आहे आणि नेमका तो माझ्या ऑपरेशनचा महिना आठवतो. पिशवी काढली तेव्हा तू रजा टाकून वीस दिवस माझ्याकडे राहिलीस. मला स्टुलावर बसवून आंघोळ घालायचीस. मी लाजले तर म्हणायचीस, "गप गं, लहानपणी तू मला घातलीस, आता माझी पाळी." केस विंचरून घट्ट वेणी घालायचीस, शाळेच्या मुलीसारखी, आणि रिबन नाही म्हणून हळहळायचीस. मी इतकी हसायचे की टाके दुखायचे. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपण बहिणी एकमेकींचे आभार मानत नाही. आज मानते. पण मग मला सांग, माझी पाळी कुठे गेली? केमोने तुझे केस गेले असते तर मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला असता. उलट्या झाल्या असत्या तर भांडं धरलं असतं. तू मला तेवढंही करू दिलं नाहीस. दीड वर्ष मी तुला विचारत होते, "बारीक झालीस गं," आणि तू म्हणत होतीस, "मी रोज अधिक निरोगी होत आहे." मला वाटायचं, डाएट करते.

उत्तर मला आता सुचलं आहे, दोन वर्षं उशिरा. फरक काय, असं तू विचारलं होतंस ना? ऐक. क्रुसावर खिळण्याच्या आदल्या रात्री प्रभू बागेत गेला, तेव्हा त्याने काय केलं? सगळं क्लिअर आहे, असं म्हणाला का? मित्रांना उघड सांगितलं की मला फार जड झालंय, माझ्याजवळ जागे राहा. बापाला सांगितलं की हे टळत असेल तर टाळ. जमिनीवर पडून सांगितलं. घाम फुटेपर्यंत घाबरला. आणि त्याला उत्तर 'नाही' मिळालं, सुलू. त्यालासुद्धा. त्याच्या मनात शंका होती म्हणून मिळालं का? तो लो व्हायब्रेशनचा होता का? आपला विश्वास त्या बागेतून आला आहे. घाबरायची मुभा असलेला विश्वास आहे हा. तू तो सोडून असला विश्वास धरलास, ज्यात घाबरणं हाच गुन्हा.

त्याचे मित्र झोपले, ते मला माहीत आहे. आम्हीही झोपलो असतो कदाचित. पण तू सांगायचं होतंस. त्याने सांगितलं होतं.

हॉस्पिटलातल्या त्या तीन आठवड्यांत मी तुला हे सांगू शकले असते. फाइल बघितल्याचं तुला कळलं होतं. मी खाटेजवळ येऊन बसले तशी तू बोट ओठांवर ठेवलंस. "ताई, निगेटिव्ह नको." मी परत खाली मान घालून संत्रं सोलायला लागले. रोज संध्याकाळी आपण प्रभूची प्रार्थना म्हणायचो, तू, मी आणि रिबेका. त्यात 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे वाक्य आलं की तुझा आवाज बंद व्हायचा आणि भाकरीच्या वाक्याला पुन्हा सुरू व्हायचा. मला आधी वाटलं, धाप लागते. मग लक्षात आलं, धाप रोज त्याच जागी लागते. शेवटच्या संध्याकाळी तुझ्या तोंडावर मास्क होता. त्या वाक्याला मास्कवर वाफ धरली. तू ते म्हणालीस का? की नुसता श्वास सोडलास? मी रिबेकाला विचारलं नाही. तिलाही ठाऊक नसेल.

आता रिबेकाचं ऐक. तुझ्यावरचा माझा खरा राग इथे आहे.

चौथ्या दिवशी तुझ्या फोनवर त्या कोच मॅडमच्या ग्रुपमध्ये मेसेज आला. फुलं, मेणबत्त्या, आणि खाली मॅडमनी लिहिलेलं, की आपल्या मैत्रिणीने खूप प्रयत्न केला, पण आतमध्ये किंवा घरामध्ये कुठेतरी शंका राहून गेली असावी. ते तुझ्या मुलीने वाचलं. दोन दिवस ती नीट जेवली नाही. सहाव्या दिवशी दुपारी मी तुझ्या कपाटातले कपडे काढत होते, तेव्हा ती दाराला टेकून म्हणाली, "मावशी, मला तो रिपोर्ट माहीत होता."

मी साड्या खाली ठेवल्या.

"आईने शपथ घातली होती. म्हणाली, कोणाला सांगितलंस तर ते खरं होईल. रडायचं नाही, घाबरायचं नाही, घरात तो शब्द काढायचा नाही. मी नाही काढला, मावशी. पण एकदा कॉलेजातून येताना मेट्रोत माझ्या मनात आलं, आई मरेल. मॅडम शिकवतात तसं मी लगेच कॅन्सल म्हटलं, तीन वेळा म्हटलं. पण आलं होतं ना मनात. मॅडम बोलतायत ती शंका माझीच आहे."

एकोणीस वर्षांची पोर. दीड वर्ष ती त्या घरात श्वाससुद्धा मोजून घेत होती, आणि मी दर रविवारी तिला विचारत होते, "काय गं, अभ्यासाचं टेन्शन का?" सुलू, स्वतःच्या मरणाचं तू काय केलंस, ते तुझं आणि देवाचं. पण त्याची जबाबदारी तू या मुलीच्या डोक्यावर ठेवून गेलीस. तुला तसं करायचं नव्हतं, मला माहीत आहे. तू तिला सोडून जायच्या कल्पनेने एवढी घाबरली होतीस की घाबरल्याचं कबूल करायचीही तुला भीती वाटली. हे समजतं मला. राग तरी जात नाही.

मी तिला जवळ घेतलं, समजावलं, मनात आल्याने कोणी मरत नाही म्हणाले. तिने मान हलवली, पण मी मावशी आहे, मी तसं म्हणणारच, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि माझ्यापुढे प्रश्न उरला. देवळात सगळे अजून म्हणत होते, सुलूला प्रभूने बरं केलं होतं, दुखणं नंतर उलटलं. तुझी साक्ष तशीच उभी होती. ती खाली बसवायची, तर मेलेल्या बहिणीला चार लोकांत खोटं पाडायचं. तशीच राहू द्यायची, तर रिबेकाने गप्प राहायचं, तेही जन्मभर. तुझी लाज राखू की तुझी मुलगी? मी चार दिवस घोळ घातला आणि शेवटी, तुला पटणार नाही, पण तुझी लाज राखायची ठरवली. काही बोलायचं नाही. म्हणजे मीही तुझ्यासारखीच निघाले.

काल बुधवार होता. सभा माझ्याकडे होती. तुझ्या जागी, खिडकीजवळ, रिबेका बसली होती. विनंत्या सुरू झाल्या. कोणाचा गुडघा, कोणाच्या मुलाचा व्हिसा. मी मान खाली घालून लिहीत होते. रिबेकाची पाळी आली तसे सगळे हळवे झाले. ती तुझ्याच आवाजात म्हणाली, "मी आभारी आहे..." आणि थांबली. मग ती म्हणाली, "नाही. माझी विनंती आहे. मला भीती वाटते."

तुझ्या घरात दीड वर्ष बंदी असलेलं वाक्य. त्यामागून बाकीचं सगळं बाहेर आलं, रिपोर्ट, शपथ, मेट्रो, कॅन्सल. मी तिला थांबवलं नाही. कोणीच थांबवलं नाही. शेवटी ती म्हणाली, "माझ्या मनात आलं म्हणून आई गेली का?"

पाळकसाहेब घसा खाकरून वचन शोधायला लागले. त्यांच्याआधी साळवेकाकू उठल्या. भिंतीला धरून, गुडघे सांभाळत तिच्याशेजारी येऊन बसल्या. "अगं पोरी," त्या म्हणाल्या, "मी रोज सकाळी उठते नि म्हणते, आज काय मी ऱ्हात नाय. दहा वर्षं झाली. मरते का मी?"

रिबेका हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं, मोठ्याने, लहान मुलासारखं. काकूंनी पदर पुढे केला. ज्या बाईला तू शुक्रवारचं उपाशी ठेवलंस, सुलू, तिने तुझ्या मुलीचं नाक पुसलं. तुझ्याविरुद्ध कोणी अक्षर काढलं नाही. मी ज्या लाजेची राखण करत बसले होते, तिची तिथे कोणाला गरजच नव्हती.

मी लिहिलं, "रिबेका. भीती वाटते." आणि नेहमीप्रमाणे वही मिटायला लागले. इतक्या वर्षांत माझं स्वतःचं नाव मी वहीत एकदाही घातलेलं नाही, ऑपरेशनच्या वेळचंही तूच सांगितलं होतंस. साळवेकाकूंनी वही माझ्या हातातून ओढून घेतली. पेनही घेतलं.

"तुझी सांग."

"माझं काही नाही, काकू."

"एक गेली असंच सांगून. सांग."

मी सांगितलं. मला माझ्या बहिणीचा राग आला आहे. ती गेली तरी जात नाही. ज्या सोसायटीत मी कामवालीला वरच्या आवाजात बोलले तरी खिडकी लावून घेते, तिथे मी हे दहा माणसांसमोर सांगितलं. मग त्यांनी प्रार्थना केली, माझ्यासाठी, रिबेकासाठी. तुझ्यासाठी नाही केली. गेलेल्यांसाठी आपण मागत नाही, तुला ठाऊक आहे. तुझ्यासाठी मागायचे दिवस होते, ते तू आमच्याकडून काढून घेतलेस.

आत्ता ती ओळ पुन्हा वाचली. काकूंचं अक्षर वाकडं आहे, ओळ खाली उतरत गेली आहे. "प्रमिला. सुलूवर राग." पुढे जागा कोरी आहे. हिरवं पेन इथेच आहे. आजच उभी राहून म्हणू शकते, की राग गेला, मी तुला माफ केलं, सगळं क्लिअर आहे. लोक हालेलुया म्हणतील.

नाही, सुलू. ही खूण मी झाल्यावरच करीन.